ऑडिओ सीडी संगणकावर बिनचूक कशी उतरवावी

सीडी ड्राइव्हमध्ये घालायची, मीडिया प्लेअरमधलं 'रिप' बटण दाबायचं, आणि थोड्या वेळात गाणी फोल्डरमध्ये येतात. वाजतातही नीट. पण त्यातली किती जशीच्या तशी आली आणि कुठे ड्राइव्हने अंदाजाने भर घातली, हे असा प्रोग्रॅम सांगत नाही. ऐकूनही ते बहुधा कळत नाही. कधी कळतं तेव्हा सीडी कुणाला तरी देऊन टाकलेली असते किंवा माळ्यावर खराब झालेली असते. म्हणून सीडी रिप करताना ती बरोबर आली याचा पुरावा त्याच वेळी हातात यायला हवा. तो देणारा विंडोजवरचा जुना आणि भरवशाचा प्रोग्रॅम म्हणजे आंद्रे वीटहॉफ यांचा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, थोडक्यात ईएसी. घरगुती वापरासाठी तो फुकट आहे. या लेखात त्याची मांडणी, रिप करण्याची रीत आणि अहवाल कसा वाचायचा हे सांगितलं आहे. मॅक आणि लिनक्ससाठीचे पर्याय शेवटाकडे आहेत.

मुळात चूक होते कुठे

ऑडिओ सीडीवर फाईली नसतात. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० साली ठरवलेल्या रेड बुक मानकाप्रमाणे आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. हा सगळा मजकूर सलग एका सर्पिल रेघेवर, आतून बाहेर लिहिलेला असतो. वाचताना त्याचे सेक्टर पडतात, सेकंदाला ७५. प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटचा.

डेटा सीडीवरही सेक्टर तेवढाच असतो, पण त्यातले २,०४८ बाइटच तुमच्या फाईलचे. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक शोधून दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती असते. ऑडिओ सीडीत सगळे २,३५२ बाइट संगीतालाच दिलेले आहेत. दुरुस्तीचा खालचा एक थर दोन्हीकडे असतो आणि तो चांगला सक्षम आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग खंड पडला तरी तो मूळ आकडे परत मिळवतो. मात्र त्यापलीकडे खराबी गेली की ड्राइव्ह मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधला नमुना अंदाजाने भरतो आणि गुपचूप पुढे जातो. ऐकणाऱ्यासाठी ही सोय चांगली आहे. नक्कल करणाऱ्याला मात्र ती फसवते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. ऑडिओ सेक्टरच्या आत स्वतःचा पत्ता नसल्यामुळे ड्राइव्हला नेमकी सुरुवात पकडता येत नाही. प्रत्येक मॉडेल ठरावीक नमुन्यांनी पुढे किंवा मागे सरकून वाचतं. या सरकण्याला रीड ऑफसेट म्हणतात. बऱ्याच ड्राइव्हसाठी त्याची दुरुस्ती +६ असते, काहींसाठी +१०२, काहींसाठी +६६७. सहाशे सदुसष्ट नमुने म्हणजे जेमतेम पंधरा मिलिसेकंद, कानाला काहीच फरक नाही. पण तुमची नक्कल दुसऱ्याच्या नकलेशी आकड्याला आकडा लावून ताडून पाहायची असेल तर ऑफसेट बरोबर असावाच लागतो.

लागणारं सामान

ड्राइव्ह हवा. जुन्या डेस्कटॉपमधला सव्वापाच इंची सीडी किंवा डीव्हीडी रायटर मिळाला तर तो पहिल्या पसंतीचा. खराब डिस्कवर तो बहुधा लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा टिकून वाचतो. तो यूएसबीने जोडायचा तर अडॅप्टरबरोबर स्वतंत्र पॉवर सप्लाय असल्याची खात्री करा. या ड्राइव्हला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टवर फक्त ५ व्होल्ट मिळतात. पातळ पोर्टेबल ड्राइव्ह पोर्टवरच चालतो, पण तो थेट संगणकाला जोडा. बिनपॉवरच्या हबवर वीज कमी पडते आणि ड्राइव्ह मध्येच डिस्क सोडून देतो. सीडी पुष्कळ असतील तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह जवळ ठेवा. एकाला न वाचता आलेली जागा दुसरा सहज वाचतो, हे वारंवार घडतं.

जागेचा हिशोब सोपा आहे. तासाभराचं संगीत सीडीवर सुमारे ६३५ एमबी भरतं. फ्लॅक या फाईल-प्रकारात ते साधारण निम्मं ते दोन तृतीयांश होतं. पाचशे सीडींना २०० जीबी धरा, आणि तेवढीच जागा दुसऱ्या डिस्कवर प्रतीसाठी.

आधी सीडी पुसा

मऊ, बिनधाग्याचं मायक्रोफायबर कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल फिरवू नका. डेटाची रेघ गोल जाते, त्यामुळे गोल ओरखडा एकाच रेघेवरून लांबवर जातो आणि दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरचा खंड पाडतो. आडवा ओरखडा प्रत्येक वळणाला थोडाथोडाच छेदतो, तो बहुधा दुरुस्त होतो. बोटांचे तेलकट ठसे असतील तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि साधं पाणी, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर अजिबात नको, प्लास्टिक धुरकट होतं.

खालची बाजू नाजूक आणि छापील बाजू मजबूत, असा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात उलट आहे. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं. माहिती धरून ठेवणारा धातूचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ लॅकरखाली असतो. त्या बाजूला ओरखडा पडला तर धातूच निघून येतो आणि मग कुठलंही पॉलिश उपयोगी पडत नाही. मोबाइलचा टॉर्च मागून धरून डिस्क न्याहाळा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे अडचण येणार असं समजा आणि अशा सीडी आधी रिप करायला घ्या. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या सीडींवर कडेकडून बुरशी दिसते, तीही आधी. जुन्या जोडसीडीच्या डब्यांत फोमची चकती असेल तर ती काढून टाका. तो फोम कुजून छापील बाजूला चिकटतो.

ईएसी बसवणं आणि पहिली मांडणी

प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. बसवताना सीयूईटूल्स डीबी या ऑनलाइन साठ्याचा प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) आणि फ्लॅक एन्कोडर (फ्लॅक फाईल बनवणारा प्रोग्रॅम) यांच्या खुणा तशाच राहू द्या. पहिल्यांदा उघडल्यावर विझार्ड येतो. त्यात ड्राइव्ह निवडा. वेग हवा की अचूकता, असा प्रश्न आला की अचूकता. फाईलचा प्रकार फ्लॅक. शेवटी नवशिके की जाणकार असं विचारलं जातं, तिथे जाणकार निवडा. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त सगळे मेनू दिसू लागतात.

आता एक स्वच्छ, बिनओरखड्याची सीडी घाला. ती जगभर खपलेल्या एखाद्या पॉप किंवा रॉक अल्बमची असली तर उत्तम. अ‍ॅक्युरेटरिप या, लोकांनी केलेल्या रिपचे आकडे ठेवणाऱ्या, ऑनलाइन साठ्याला ती ओळखीची असेल तर छोटी खिडकी उघडते आणि तुमच्या ड्राइव्हचा ऑफसेट आपोआप भरला जातो. खिडकी आली नाही तर दुसरी सीडी घालून पाहा. तरीही नाही, तर ड्राइव्हच्या मॉडेलचं नाव अ‍ॅक्युरेटरिपच्या ड्राइव्ह-यादीत शोधा आणि तिथला आकडा ड्राइव्ह ऑप्शन्समधल्या 'ऑफसेट/स्पीड' पानावर टाका. अधिक-उणे चिन्ह नीट पाहून घ्या. हे काम एका ड्राइव्हसाठी एकदाच करायचं असतं. ड्राइव्ह बदलला की पुन्हा.

ड्राइव्ह ऑप्शन्स: सगळ्यांत महत्त्वाचं पान

एफ१० दाबा आणि 'एक्स्ट्रॅक्शन मेथड' उघडा. 'सिक्युअर मोड' निवडा. त्याखाली तीन खुणा आहेत आणि नव्या माणसाचं निम्मं नुकसान इथेच होतं.

पहिली 'अ‍ॅक्युरेट स्ट्रीम'. आजच्या जवळजवळ प्रत्येक ड्राइव्हला ही सोय असते, खूण करा.

दुसरी 'ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा'. हिच्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. सिक्युअर मोडमध्ये ईएसी प्रत्येक जागा कमीत कमी दोनदा वाचतो आणि दोन्ही वाचनं जुळतात का ते पाहतो. पण ड्राइव्हच्या पोटात स्वतःची स्मृती असते, ती कॅशे. ईएसीने दुसऱ्यांदा मागणी केली की ड्राइव्ह डिस्ककडे न जाता मघाशी वाचलेलंच कॅशेमधून परत देतो. पहिलं वाचन चुकीचं असलं तरी दुसरं त्याच्याशी तंतोतंत जुळतं, आणि तपासणीला काही अर्थच उरत नाही. खूण केली की ईएसी मध्येच दुसरीकडचं वाचायला लावून कॅशे रिकामी करतो आणि मग खरोखर डिस्कवरून पुन्हा वाचतो. वेळ बराच वाढतो. शंका असेल तेव्हा खूण करा: गरज नसताना केली तर फक्त वेळ जातो, गरज असताना राहिली तर चुकीची नक्कल बरोबर म्हणून पुढे येते.

तिसरी 'सी२ एरर इन्फॉर्मेशन'. हिच्यामुळे ड्राइव्हने स्वतः कळवलेल्या चुकांवर ईएसी विसंबतो आणि प्रत्येक जागा दोनदा वाचत नाही. वेग मिळतो. पण पुष्कळ ड्राइव्ह काही चुका कळवतच नाहीत. खूण काढून टाका.

शेजारी 'डिटेक्ट रीड फीचर्स' हे बटण आहे. त्याने सांगितलेलं ऐका, फक्त सी२ सोडून.

'ऑफसेट/स्पीड' पानावर वेग 'अ‍ॅक्चुअल' ठेवा आणि वाचताना वेग कमी करण्याची परवानगी देणारी खूण करा. 'ओव्हररीड' बंद. 'गॅप डिटेक्शन' पानावर पद्धत 'ए', अचूकता 'सिक्युअर'. एखाद्या सीडीवर गॅप, म्हणजे ट्रॅकांमधली जागा, शोधताना प्रोग्रॅम अडकून बसला तर 'बी' किंवा 'सी' वापरून पाहा, काही ड्राइव्हना तीच मानवते.

ईएसी ऑप्शन्स

एफ९. 'एक्स्ट्रॅक्शन' पानावर ऑफसेटमुळे कमी पडलेले नमुने शांततेने भरण्याची खूण चालू, ट्रॅकांमधली जुळणी चालू, सुरुवातीचे-शेवटचे निःशब्द भाग कापण्याची खूण बंद, आणि 'एरर रिकव्हरी क्वालिटी' हाय. सीआरसी (ट्रॅकच्या सगळ्या नमुन्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढताना शून्य नमुने वगळण्याची खूण असते, तीही बंद ठेवा.

'नॉर्मलाइझ' बंद. आवाज सारखा करायची इच्छा समजण्यासारखी आहे, पण नॉर्मलाइझ केलं की प्रत्येक नमुन्याचा आकडा बदलतो आणि नक्कल नक्कल राहत नाही. गाण्यांचा आवाज वर-खाली वाटत असेल तर नंतर रीप्लेगेनचा टॅग लावा. तो फक्त प्लेअरला सूचना देतो, आवाजाला हात लावत नाही.

'टूल्स' पानावर रिप झाल्यावर स्टेटस रिपोर्ट आपोआप लिहिण्याची खूण करा. ही विसरू नका. हाच रिपोर्ट, म्हणजे लॉग, तुमचा पुरावा.

फ्लॅकच का

फ्लॅक आवाजातलं काहीही टाकत नाही. उलगडलं की मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्याला ० ते ८ पातळ्या आहेत आणि त्यांत फरक फक्त फाईलच्या आकाराचा आणि लागणाऱ्या वेळेचा. ८ म्हणजे चांगला आवाज नव्हे. ५ पुरे, ८ हवं असेल तर तेही चालेल. शिवाय प्रत्येक फ्लॅक फाईलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो, त्यामुळे पाच वर्षांनीही फाईल सडली आहे का हे तपासता येतं.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. एकाच रागाच्या सादरीकरणात आलाप, विलंबित आणि द्रुत यांचे वेगळे ट्रॅक पाडलेले असतात, पण तानपुरा मध्ये थांबलेला नसतो. एमपी३ करताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडतो. प्लेअरने ती वगळली नाही तर नेमका त्या सांध्यावर तानपुरा क्षणभर तुटतो. फ्लॅकमध्ये नमुने मोजून तेवढेच असल्याने सांधा जाणवत नाही. मोबाइलसाठी लहान फाईली हव्या असतील तर फ्लॅकवरून वेगळ्या करून घ्या, मूळ फ्लॅक तसंच राहू द्या.

एफ११ मध्ये विझार्डने कमांडची ओळ भरलेली असते, तिला हात लावू नका. रिप झाल्यावर मधली वेव्ह फाईल पुसण्याची खूण मात्र आहे का बघून घ्या.

नावं आणि टॅग

सीडींची नावं पुरवणारा जुना फ्रीडीबी साठा २०२० मध्ये बंद झाला. एफ१२ मध्ये मेटाडेटाचा, म्हणजे गाण्यांच्या नावांचा, स्रोत म्हणून सीयूईटूल्स डीबीचा प्लगइन निवडा, तो म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्जमधली माहिती आणतो. इंग्रजी अल्बमांसाठी एवढ्यावर काम भागतं. भावगीतं, अभंग, नाट्यसंगीत यांच्या सीडी बहुतेक वेळा तिथे सापडत नाहीत, आणि सापडल्या तर नावं रोमन लिपीत, वाटेल तशा स्पेलिंगने. तेव्हा सीडीसोबतची पुस्तिका समोर घ्या आणि नावं स्वतः टाका. रिप करण्याआधीच टाका, कारण फाईलींची नावं त्यावरूनच ठरतात.

लिपी आधी ठरवा. निम्मा संग्रह देवनागरीत आणि निम्मा रोमनमध्ये झाला तर एकच गायिका प्लेअरमध्ये दोन ठिकाणी दिसते. देवनागरी घेतलीत तर एक बारीक गोष्ट सांभाळा. 'कऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं असतात. शोध लागत नाही, यादी दुभंगते. एकाच कीबोर्डवरून टाइप करा. नावं इतरांकडून कॉपी केली असतील तर एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये सगळी एकदम बदलून घ्या. तो फ्लॅकवरही चालतो.

'आर्टिस्ट'मध्ये गायक, 'कंपोजर'मध्ये संगीतकार आणि कवीसाठी 'लिरिसिस्ट' हे क्षेत्र. राग, ताल, लय हे शास्त्रीय संगीताच्या ट्रॅकच्या नावातच लिहिलेलं बरं, म्हणजे 'राग यमन, विलंबित एकताल'. वेगळी क्षेत्रं करता येतात, पण बहुतेक प्लेअर ती दाखवत नाहीत. तबला, हार्मोनियम, सारंगी कुणाची हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर लहान अक्षरांत असतं आणि इंटरनेटवर क्वचितच मिळतं. ते 'कमेंट'मध्ये जरूर भरा. पुस्तिका ३०० डीपीआयवर स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

प्रत्यक्ष रिप

१. सीडी घाला, ट्रॅकांची यादी दिसू द्या, नावं भरा.

२. एफ४ दाबून गॅप शोधू द्या. पहिल्या ट्रॅकच्या आधी नेहमीच्या २ सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ दिसला तर तिथे लपवलेलं गाणं असू शकतं. ते 'कॉपी रेंज'ने वेगळं काढावं लागतं.

३. 'प्री-एम्फसिस'चा रकाना पाहा. १९८०च्या दशकातल्या काही सीडींत उंच स्वर मुद्दाम वाढवून ठेवलेले असतात आणि प्लेअरने ते परत खाली आणायचे असतात. 'येस' दिसलं तर लॉगसोबत नोंद ठेवा. नाहीतर फाईली नंतर कर्कश का वाटतात हे कळणार नाही.

४. सीडीवर नंतर हुबेहूब प्रत जाळायची शक्यता असेल तर 'अ‍ॅक्शन' मेनूतून क्यू शीट, म्हणजे सीडीवर ट्रॅक आणि गॅप कुठे आहेत याची नोंद करणारी फाईल, तयार करा, 'मल्टिपल वेव्ह फाईल्स विथ गॅप्स' हा प्रकार. नावं देवनागरीत असतील तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली नाहीत ना, ते बघा.

५. सगळे ट्रॅक निवडा आणि शिफ्ट धरून एफ६. म्हणजे 'टेस्ट अँड कॉपी', थेट फ्लॅकमध्ये. प्रत्येक ट्रॅक आधी फक्त वाचला जातो आणि त्याचा सीआरसी आकडा काढला जातो. मग पुन्हा वाचून फाईल बनते आणि तिचाही सीआरसी निघतो.

स्वच्छ सीडीला पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. या काळात संगणकावर हलकं काम करायला हरकत नाही, पण ड्राइव्हवर वही-पुस्तक ठेवू नका आणि टेबल हलवू नका.

रिप चालू असताना खिडकीत लाल चौकोनांची रांग उमटली तर ईएसीला दोन वाचनं जुळलेली नाहीत. तो तीच जागा सोळा-सोळाच्या गटांत पुन्हा वाचतो. एका गटातली आठ वाचनं सारखी आली की ती जागा बरोबर मानून पुढे जातो. दर्जा हाय असेल तर असे पाच गट. म्हणजे वाईटात वाईट जागा ८२ वेळा वाचली जाते. म्हणून एकेका सेकंदासाठी कधी कधी पाच मिनिटं जातात.

लॉग वाचणं

रिप संपल्यावर फोल्डरमधला लॉग उघडा. वरच्या भागात रीड मोड सिक्युअर, अ‍ॅक्युरेट स्ट्रीम येस, डिफीट ऑडिओ कॅशे येस, सी२ नो आणि तुमचा ऑफसेट, एवढं जुळतंय का पाहा. मग प्रत्येक ट्रॅकखालचं.

टेस्ट सीआरसी आणि कॉपी सीआरसी सारखे असले पाहिजेत. 'ट्रॅक क्वालिटी' ९९.९ टक्के दिसली म्हणून काळजी नको. तो आकडा किती जागा पुन्हा वाचाव्या लागल्या एवढंच सांगतो. सीआरसी जुळले आणि खाली 'कॉपी ओके' असेल तर ट्रॅक ठीक. 'सस्पिशस पोझिशन' आणि पुढे वेळ असेल तर त्या ठिकाणी सोळापैकी आठ वाचनं कधीच जुळली नाहीत, तो ट्रॅक स्वीकारू नका.

त्यानंतर अ‍ॅक्युरेटरिपची ओळ येते. 'अ‍ॅक्युरेटली रिप्ड, कॉन्फिडन्स १२' म्हणजे आधीच्या बारा नोंदींशी तुमचा ट्रॅक आकड्याला आकडा जुळला. याहून भक्कम पुरावा नाही, कारण एकच ड्राइव्ह एकाच ओरखड्यावर दोन्ही वेळा तीच चूक करू शकतो आणि तरीही टेस्ट आणि कॉपी जुळतात. वेगळ्या घरांतले, वेगळ्या मॉडेलचे ड्राइव्ह तीच चूक करतील ही शक्यता जवळपास नाहीच. कॉन्फिडन्स १ किंवा २ असेल तर ती तुमचीच जुनी नोंद नाही ना, एवढं आठवा.

साठ्यात ट्रॅक नाही असं आलं तर ती चूक नव्हे, सीडीच दुर्मिळ आहे. कमी खपाच्या मराठी सीडींना हे नेहमीचंच, तिथे टेस्ट अँड कॉपीच आधार. शक्य असल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा रिप करून सीआरसी ताडून पाहा. आणि सगळ्याच ट्रॅकांना 'अचूक म्हणता येत नाही' असं आलं, पण सीआरसी मात्र सगळे जुळले, तर बहुधा तुमची सीडी वेगळ्या छपाईची आहे. एकाच अल्बमच्या निरनिराळ्या छपायांत काही नमुन्यांचा सरकाव असतो. सीयूईटूल्स हा प्रोग्रॅम असे सरकाव धरून तपासतो. त्यात टाकून बघा. फक्त एक-दोन ट्रॅकच जुळले नाहीत, तर मात्र खराबी खरी आहे.

अडली तर

क्रम असा ठेवा. सीडी पुन्हा पुसा. मग दुसरा ड्राइव्ह. वेग सगळ्यांत कमी करून तोच ट्रॅक. बाहेरच्या कडेकडचे, म्हणजे शेवटचे ट्रॅक जास्त त्रास देतात, कारण बोटं तिथेच लागतात.

सिक्युअर मोडमध्ये ड्राइव्ह तासभर कुरकुरत राहिला तर थांबवा. त्या एका ट्रॅकसाठी बर्स्ट मोड निवडा आणि टेस्ट अँड कॉपी दोन-तीनदा करा. बर्स्टमध्ये तपासणी नसते, तरीही त्यातला एखादा निकाल अ‍ॅक्युरेटरिपशी जुळला तर तो पूर्ण बरोबर आहे. आकडे जुळले की कुठल्या वाटेने आले याला महत्त्व राहत नाही.

हेही नाही जमलं तर सीयूईटूल्सच्या साठ्यात दुरुस्तीची माहिती असते. पूर्ण अल्बम रिप झालेला असेल, चुका थोड्या असतील आणि अल्बमची नोंद तिथे असेल तर तो प्रोग्रॅम बिघडलेले नमुने मूळ आकड्यांनी बदलून देतो. हा अंदाज नव्हे, गणिताने सिद्ध झालेली दुरुस्ती आहे. ईएसीचं 'ग्लिच रिमूव्हल' मात्र टाळा. ते टक्-टक् आवाज गुळगुळीत करतं, मूळ आवाज परत आणत नाही.

टूथपेस्टने पॉलिश करण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल. तो फक्त खालच्या बाजूसाठी आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून. एकदा प्लास्टिक धुरकट झालं की आधी जे थोडं वाचता येत होतं तेही जातं.

ड्राइव्ह यादीत दिसतच नसेल तर एफ९ मधल्या 'इंटरफेस' पानावर विंडोजचा नेटिव्ह पर्याय निवडलेला आहे का ते पाहा.

ज्या डिस्कवर ईएसी लागत नाही

आपल्याकडे एमपी३ डिस्कही पुष्कळ विकल्या गेल्या, एका डिस्कवर पन्नास-शंभर भजनं किंवा गाणी. ती डेटा डिस्क असते. रिप करायचं काही नाही, फाईली सरळ कॉपी करा. त्या फ्लॅकमध्ये बदलून दर्जा वाढत नाही, फक्त जागा जाते. घरी जाळलेली सीडी-आर मात्र ईएसीनेच काढा, आणि लवकर. तिच्यावर माहिती रंगाच्या थरात असते आणि उन्हात तो विटतो. लग्नाचं किंवा घरच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण अशाच डिस्कवर असतं आणि त्याची दुसरी प्रत कुठल्याच साठ्यात नसते.

२००२ ते २००५च्या सुमारास काही परदेशी सीडींवर नक्कल रोखणारे प्रोग्रॅम घातलेले होते. सोनी बीएमजीचा एक्ससीपी तर २००५ मध्ये बराच गाजला. विंडोजमधलं ऑटोप्ले बंद ठेवा, म्हणजे सीडी घातल्यावर असलं काही आपोआप सुरू होणार नाही.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी न्याय्य वापराची मुभा आहे. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत त्याच हेतूने करा. इतरांना फाईली वाटणं हा वेगळा विषय आहे आणि तो कायद्यात बसत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तिथला नियम पाहावा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर एक्सएलडी. फुकट आहे, अ‍ॅक्युरेटरिपशी जुळवतो आणि लॉगही देतो. त्यात सगळ्यांत कडक रिपर मोड निवडा आणि ऑफसेट भरा. लिनक्सवर व्हिपर, कमांड लाइनवर चालतो. ऑफसेट आणि कॅशे तो स्वतः शोधतो, आणि तेवढं झालं की कामाला लागतो. पैसे मोजायची तयारी असेल तर डीबीपॉवरअँप विंडोज आणि मॅक दोन्हींवर सोपा पडतो. अ‍ॅक्युरेटरिप त्यांचंच आहे. वर सांगितलेली तत्त्वं, म्हणजे ऑफसेट, कॅशे, दोनदा वाचणं आणि साठ्याशी ताडणं, सगळीकडे तीच.

रिप झाल्यावर

एका अल्बमचं फोल्डर म्हणजे फ्लॅक फाईली, लॉग, क्यू शीट आणि पुस्तिकेचं स्कॅन. ते एकत्र ठेवा. लॉग कधीही पुसू नका, ती दोन-चार केबींची फाईल आहे. दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत घेतल्यावर त्या प्रतीतल्या फ्लॅक फाईली एकदा तपासून घ्या. फूबार २००० या फुकट प्लेअरमध्ये फाईली तपासण्याचा घटक मिळतो. तो प्रत्येक फाईल उलगडून आतल्या एमडी५ शी ताडतो आणि बिघडलेल्या फाईलचं नाव दाखवतो. पहिल्या पाच-दहा सीडी झाल्या की थांबा, टॅग आणि फोल्डरांची रचना मोबाइलवर कशी दिसते ते पाहून घ्या, काही बदलायचं असेल तर तेव्हाच बदला आणि मगच उरलेल्या सीडी हातात घ्या.